ज्या गटाला रकानाच नाही : एसक्यूएलमधली सशर्त गटवारी

(यवतमाळमध्ये तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचं लेखी रूप. छापताना क्वेरीसुद्धा देवनागरीतच ठेवल्या आहेत. संगणकावर करून बघताना त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतील.)



इथं बसलेल्यांपैकी निम्म्याजणांनी कॉलेजात डीबीएमएस हा विषय घेतलेला आहे. त्यांना ग्रुप बाय माहीत असणार, कारण परीक्षेत तो येतोच. उरलेल्यांनी एक्सेलचं पिव्होट टेबल तरी पाहिलं असेल. म्हणून पहिली पायरी मी भरभर चढते.

समजा आपल्या काही कार्यकर्त्यांनी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती अर्जांची एक यादी तयार केली. टेबलाचं नाव 'अर्ज'. प्रत्येक ओळ म्हणजे एक अर्ज. कॉलम असे: नाव, गाव, तालुका, विधानसभा, धर्म, प्रवर्ग, वर्ष, निकाल. तालुक्याप्रमाणे किती अर्ज आले हे हवं असेल तर:

सिलेक्ट तालुका, काउंट(*)
फ्रॉम अर्ज
ग्रुप बाय तालुका;

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. यादी नीट भरलेली असेल तर 16 ओळी मिळतील. संपलं. एवढंच काम असतं तर मी पुण्याहून इतक्या लांब आले नसते.

अडचण पुढे येते. लोक जे गट मागतात, त्यांचा कॉलम टेबलात नसतो. कुणीतरी विचारतं, 'आपल्या खासदारांना निवेदन द्यायचंय, त्यांच्या मतदारसंघातले अर्ज किती?' आता यवतमाळ जिल्ह्याचे खासदार कोण? जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद हे चार यवतमाळ-वाशीम लोकसभेत येतात. वणी आणि आर्णी चंद्रपूर लोकसभेत आहेत. उमरखेड हिंगोलीत आहे. जिल्हा एक, लोकसभा तीन. वणीचा पोरगा यवतमाळला येऊन निवेदन देतो आणि परत जातो, त्याचं कारण हेच. हा गट कॉलममध्ये नाही, तो शर्तीत आहे. आणि शर्त लिहायची सोय एसक्यूएलमध्ये आहे, तिचं नाव केस.

सिलेक्ट
  केस
    व्हेन विधानसभा इन ('वणी', 'आर्णी') देन 'चंद्रपूर'
    व्हेन विधानसभा = 'उमरखेड' देन 'हिंगोली'
    एल्स 'यवतमाळ-वाशीम'
  एंड अ‍ॅज लोकसभा_गट,
  काउंट(*)
फ्रॉम अर्ज
ग्रुप बाय लोकसभा_गट;

केस म्हणजे प्रत्येक ओळीला विचारलेला प्रश्न. ओळ उत्तर देते, त्या उत्तराला आपण नाव देतो आणि त्या नावावर गट पाडतो. यातली एल्सची ओळ मला आवडलेली नाही. तिच्याकडे आपण परत येणार आहोत, तोवर ती लक्षात ठेवा.

दोन बारीक गोष्टी इथंच सांगून टाकते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ग्रुप बायमध्ये असं टोपणनाव चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर घेत नाही. तिथं संपूर्ण केस खाली पुन्हा लिहावी लागते, नाहीतर आतली क्वेरी करून बाहेरून गट पाडावे लागतात. दुसरं, टोपणनाव टेबलातल्या खऱ्या कॉलमच्या नावासारखं ठेवू नका. तुम्ही त्याला 'तालुका' असं नाव दिलंत आणि टेबलात तालुका हा कॉलम आधीच असेल, तर पोस्टग्रेस ग्रुप बायमध्ये जुना कॉलम धरतं. मग एकतर एरर येते किंवा एकाच नावाच्या दोन-दोन ओळी दिसतात आणि माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो.

थोडा इतिहास, कारण तो छोटा आहे. टेबलं आणि त्यांच्यातले संबंध हा विचार एडगर कॉड यांनी जून 1970 च्या एका निबंधात मांडला. त्यावरून डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये भाषा तयार केली, ती 1974 मध्ये लोकांसमोर आली. तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं. बॉइस त्याच वर्षी वारले, वयाची तिशीही झाली नव्हती. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक बँकेत त्यांच्या हातची वाक्यरचना चालते आणि त्यांचं नाव आपल्याला फक्त बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्मच्या पाच मार्कांपुरतं आठवतं. आणि ही केस सुरुवातीपासून नव्हती, प्रमाण भाषेत ती 1992 ला आली.

आता क्रमाबद्दल. केस वरून खाली वाचली जाते. जी शर्त पहिल्यांदा खरी ठरते तिथं ओळ थांबते, पुढं जात नाही. हे कळायला आपल्या भागाइतकं चांगलं उदाहरण नाही.

2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पॅकेज जाहीर झालं. ते सहा जिल्ह्यांसाठी होतं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. पहिले पाच म्हणजे संपूर्ण अमरावती महसूल विभाग. सहावा वर्धा, तो नागपूर विभागातला. पुढं राज्य सरकारनं केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य द्यायचं ठरवलं. धान्याऐवजी जानेवारी 2023 पासून माणशी दरमहा पैसे द्यायला सुरुवात झाली, सुरुवातीला 150 रुपये. ती योजना 14 जिल्ह्यांची. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि पुन्हा तो एकटा वर्धा. म्हणजे तुम्ही 'विभाग' या कॉलमवर कितीही गट पाडा, ना सहा जिल्हे मिळतील ना चौदा. वर्धा दर वेळी हातातून निसटणार.

आता ही केस बघा:

केस
  व्हेन विभाग इन ('छत्रपती संभाजीनगर', 'अमरावती') ऑर जिल्हा = 'वर्धा' देन 'चौदा जिल्हे'
  व्हेन विभाग = 'अमरावती' ऑर जिल्हा = 'वर्धा' देन 'सहा जिल्हे'
  एल्स 'बाकीचे'
एंड

क्वेरी चालते. एरर येत नाही. आणि 'सहा जिल्हे' नावाची एकही ओळ उत्तरात येत नाही, कारण ते सहाही जिल्हे वरच्या शर्तीतच अडकले. अरुंद शर्त वर आणि रुंद शर्त खाली हवी. क्रम बदललात तर सहा जिल्हे मिळतील, पण मग 'चौदा जिल्हे' या नावाखाली फक्त आठच उरतील. म्हणजे नावही बदलावं लागेल, 'मराठवाड्यातले आठ' असं. संगणकाला नाव खोटं आहे की खरं हे कळत नाही. ते आपण लिहिलेलं असतं.

वरच्या क्वेरीत विभागाचं नाव मी नवीन लिहिलंय, तेही मुद्दाम. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं बदलली. त्या नामांतराबद्दल इथं बसलेल्यांची मतं काय आहेत ते मला माहीत आहे, आपण त्यावर चहाच्या वेळी बोलू. डेटाबेसचं दुखणं वेगळं आहे. 2020 पासूनची यादी एकत्र केलीत आणि जिल्ह्याच्या नावावर गट पाडलात, तर मराठवाड्यात आठाऐवजी दहा जिल्हे दिसतात. औरंगाबादचे अर्ज 2023 नंतर शून्य झाले, असा आलेख निघतो. तो बघून कुणी भाषणही ठोकेल. वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात वाशीम शोधाल तर जिल्हा म्हणून मिळणारच नाही. आपल्याकडेही तेच. सरकारी कागदावर तालुका केळापूर, पण गाव पांढरकवडा, आणि लोक फॉर्मवर तालुका म्हणून बिनदिक्कत पांढरकवडा लिहितात. झरी-जामणी कुणी आडवी रेघ देऊन लिहितं, कुणी जोडून. 16 तालुक्यांच्या जिल्ह्यात 20 तालुके निघाले तर घाबरू नका.

इथं पहिल्या दमात सगळे केस लिहायला लागतात. व्हेन 'पांढरकवडा' देन 'केळापूर', व्हेन 'झरीजामणी' देन 'झरी-जामणी'. दोन-चार असतील तर ठीक आहे. दहाच्या पुढं गेल्या की माझं स्पष्ट मत आहे, केस सोडा आणि वेगळं टेबल करा. एका कॉलममध्ये लोक लिहितात ते नाव, दुसऱ्यात ठरलेला कोड. जनगणनेनं 2011 ला प्रत्येक जिल्ह्याला कोड दिला, यवतमाळचा 510. नाव बदलेल, स्पेलिंग बदलेल, कोड तसाच राहील. काळाप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टींसाठी त्याच टेबलात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम ठेवा. मग वाशीमचा प्रश्न जॉइनमध्ये सुटतो. शिवाय हे टेबल एक्सेलमध्ये काढून गावातल्या मास्तरांना दाखवता येतं आणि ते चुका सांगतात. शंभर ओळींची केस कुणीच वाचत नाही, लिहिणाराही नाही.

आता एल्सकडे परत येऊ, कारण आजच्या बोलण्यातला मोठा भाग तोच आहे.

यवतमाळमध्ये राहणाऱ्याला हे तीन शब्द समजावून सांगायची गरज नाही: पात्र, अपात्र, प्रलंबित. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जातं. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. पात्र ठरलं तर कुटुंबाला 1 लाख रुपयांची मदत. म्हणजे हीसुद्धा एक केस स्टेटमेंटच आहे, फक्त ती माणसं चालवतात. आणि या यादीवर आपण क्वेरी लिहितो तेव्हा हे घडतं:

केस व्हेन निकाल = 'पात्र' देन 'पात्र' एल्स 'अपात्र' एंड

ज्या प्रकरणाची चौकशी चालू आहे, त्याच्या निकालाचा रकाना रिकामा असतो. एसक्यूएलमध्ये रिकाम्या रकान्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. नल म्हणजे माहिती नाही. नल पात्रच्या बरोबर आहे का, असं विचारलं तर उत्तर 'माहीत नाही' असं येतं. केसला शर्त खरी लागते, 'माहीत नाही' तिला चालत नाही. ओळ खाली घसरते आणि एल्समध्ये पडते. समितीनं अजून कागद उघडला नाही आणि आपल्या क्वेरीनं त्या घराला अपात्र ठरवून टाकलं.

उलट बाजूनंही तोच खेळ आहे. पात्र नसलेली प्रकरणं हवीत म्हणून कुणी लिहितं, व्हेअर निकाल <> 'पात्र'. आता रिकाम्या रकान्याची प्रकरणं अपात्रमध्येही येत नाहीत, ती यादीतूनच गायब होतात. एक क्वेरी त्यांना चुकीच्या खोलीत बसवते, दुसरी घराबाहेर काढते.

म्हणून माझी सवय अशी आहे: जी मूल्यं मला माहीत आहेत ती एकेक करून व्हेनमध्ये लिहायची. नलसाठी वेगळी ओळ, व्हेन निकाल इज नल देन 'निकाल नाही'. आणि एल्समध्ये कधीही खऱ्या गटाचं नाव द्यायचं नाही, तिथं 'तपासा' असं लिहायचं. लोकसभेच्या क्वेरीत मी एल्सला 'यवतमाळ-वाशीम' म्हटलं होतं. ज्या मुलीनं विधानसभेचा रकाना सोडून दिला, ती वणीची असली तरी यवतमाळ-वाशीमच्या खात्यात गेली. 'तपासा' लिहिलं असतं तर निदान कुणी फोन करून विचारलं असतं.

टक्केवारी काढताना हे जास्त महाग पडतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. 100 प्रकरणं, 40 पात्र, 35 अपात्र, 25 प्रलंबित. पात्रतेचं प्रमाण किती? शंभराला भागलं तर 40 टक्के. निकाल लागलेल्या 75 ला भागलं तर 53.3 टक्के. दोन्ही आकडे गणितानं बरोबर आहेत. प्रशासनाला दुसरा आवडेल, आंदोलनाला पहिला. तुम्ही कुठलाही वापरा, पण छेद कुठला ते त्याच ओळीत लिहा. जनगणना हे इमानदारीनं करते. साक्षरतेचं प्रमाण काढताना 0 ते 6 वर्षांची मुलं छेदातून वगळलेली असतात, आणि तसं छापलेलंही असतं. तुम्ही गावाची एकूण लोकसंख्या छेदात घेऊन साक्षरता काढलीत तर गाव उगाच अडाणी दिसेल.

ही शर्तीची मोजणी एका ओळीत करायची असेल तर:

सिलेक्ट तालुका,
  काउंट(*) अ‍ॅज एकूण,
  सम(केस व्हेन निकाल = 'पात्र' देन 1 एल्स 0 एंड) अ‍ॅज पात्र,
  सम(केस व्हेन निकाल इज नल देन 1 एल्स 0 एंड) अ‍ॅज निकाल_नाही
फ्रॉम प्रकरणे
ग्रुप बाय तालुका;

इथं सम आहे, काउंट नाही. काउंट वापरायचा असेल तर एल्स 0 काढून टाका. काउंट नल सोडून सगळं मोजतो आणि 0 हे नल नाही, त्यामुळे एल्स 0 ठेवलंत तर प्रत्येक तालुक्यात पात्र आणि एकूण सारखेच येतील. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, लिहून घ्या. पोस्टग्रेस असेल तर आणखी सुटसुटीत मार्ग आहे: काउंट(*) फिल्टर (व्हेअर निकाल = 'पात्र'). मायएसक्यूएलमध्ये फिल्टर नाही. आणि भागाकार करताना एका बाजूला 100.0 असं दशांश चिन्ह घालून गुणा, नाहीतर पोस्टग्रेस 40 भागिले 75 चं उत्तर शून्य देतं.

हे कॉलममध्ये मोजणं आणि केसवर गट पाडणं, दोन्ही सारखंच वाटतं. ते सारखं नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हा फरक थेट पैशाचा होतो.

पिंजारी, मोमीन, तांबोळी या मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. त्यातली मुलगी अल्पसंख्याकही आहे आणि ओबीसीही. नवबौद्ध मुलगा अल्पसंख्याकही आहे आणि अनुसूचित जातीतलाही. आता कुणी अहवालासाठी लिहिलं: व्हेन धर्म = 'मुस्लिम' देन 'अल्पसंख्याक', व्हेन प्रवर्ग = 'ओबीसी' देन 'ओबीसी', एल्स 'इतर'. समजा दहा अर्ज आहेत. सहा मुस्लिम, त्यातले तीन ओबीसी. शिवाय दोन बिगर-मुस्लिम ओबीसी, दोन इतर. केस सांगेल: अल्पसंख्याक 6, ओबीसी 2, इतर 2. बेरीज दहा, हिशेब जुळला, साहेब खूश. पण ओबीसी पाच आहेत. तीन मुलं ओबीसीच्या मोजणीतून निघून गेली, कारण पहिल्या शर्तीनं त्यांना धरून ठेवलं. पुढच्या वर्षी कुणी म्हणणार, इथले मुस्लिम ओबीसीतून अर्जच करत नाहीत.

केस प्रत्येक ओळीला एकच घर देते. माणसाला दोन घरं असतील तर वेगवेगळे सम लिहा, एक धर्माचा, एक प्रवर्गाचा. उत्तर येईल 6 आणि 5. त्यांची बेरीज एकूणशी जुळणार नाही, आणि जुळायला नकोच. कुणी 'हे जुळत नाही' म्हणून कागद परत पाठवला तर तिसरा कॉलम द्या, दोन्हीमध्ये असलेले 3. आपल्याकडं 'मुस्लिम' म्हटलं की एकच डबा आणि 'ओबीसी' म्हटलं की दुसरा डबा, अशी फॉर्म बनवणाऱ्यांची समजूत असते. काही फॉर्मवर एक निवडलं की दुसरं बंद होतं. तिथं क्वेरी काहीही करू शकत नाही, फॉर्मच बदलून घ्यावा लागतो.

नावांचंही असंच आहे. विदर्भात आपल्याकडं नाव लिहायची पद्धत बघा: शेख रहीम शेख करीम. शाळेत ते 'शे. रहीम शे. करीम' होतं. सॉफ्टवेअरला आडनाव हवं असतं, ते शेवटचा शब्द उचलतं. म्हणजे आडनाव करीम, जे वडिलांचं नाव आहे. बहिणीच्या नावापुढं परवीन किंवा बी लागलेलं असतं, तिचं 'आडनाव' परवीन होतं. आडनावावर गट पाडून कुटुंबं मोजलीत तर एका घराची तीन घरं होतात. कुटुंब हवं असेल तर रेशन कार्डाच्या क्रमांकावर गट पाडा. आणि नावावरून धर्म ओळखणारी क्वेरी, नाव लाइक 'शेख%' वगैरे, लिहायच्या फंदात पडू नका. पटेल, देशमुख, चौधरी, इनामदार दोन्हीकडं आहेत. चुकीचं उत्तर तर येतंच, पण अशी यादी एकदा तयार झाली की ती कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात राहत नाही. धर्म हवा असेल तर विचारा, सांगायचं नसेल तर रकाना रिकामा राहू द्या.

कंसांबद्दल थोडक्यात. हे वाक्य बघा: व्हेअर जिल्हा = 'वर्धा' ऑर विभाग = 'अमरावती' अँड निकाल = 'पात्र'. मराठीत वाचताना आपण समजतो, सहा जिल्ह्यांतली पात्र प्रकरणं. एसक्यूएल अँड आधी बांधतं. त्यामुळे अमरावती विभागातली पात्र प्रकरणं आणि वर्ध्याची सगळीच्या सगळी येतात. पहिल्या दोन शर्ती कंसात घाला. अँड आणि ऑर एकाच ओळीत आले की कंस घालायचाच, गरज असो वा नसो.

लवचीक क्वेरी म्हणजे वापरणाऱ्यानं तालुका निवडला तर तेवढाच, नाही निवडला तर सगळे. त्यासाठी शंभर क्वेरी लिहायच्या नसतात. व्हेअर (:तालुका इज नल ऑर तालुका = :तालुका) असं लिहा. इथं नल पहिल्यांदाच आपल्या कामाला येतो. कोट्यवधी ओळींच्या टेबलावर अशी शर्त इंडेक्स वापरू देत नाही अशी तक्रार होते, ती खरी आहे. आपल्या काही हजार अर्जांना काही फरक पडत नाही.

गटसुद्धा वापरणाऱ्यानं ठरवायचा असेल तर ग्रुप बायमध्ये केस :गट व्हेन 'तालुका' देन तालुका व्हेन 'प्रवर्ग' देन प्रवर्ग एंड असं चालतं. सगळ्या फांद्यांमधून एकाच प्रकारचं मूल्य यायला हवं. वर्ष हा आकडा असेल तर तो आधी मजकुरात बदला. प्रोग्रॅममधून हीच केस वर सिलेक्टमध्ये आणि खाली ग्रुप बायमध्ये दोनदा लिहिलीत, तर पोस्टग्रेस कुरकुरतं. त्याच्या लेखी ते दोन वेगळे पॅरामीटर असतात, त्यामुळे दोन वेगळ्या केस. खाली नुसतं ग्रुप बाय 1 लिहा. पण वेबपेजवरून आलेलं कॉलमचं नाव सरळ क्वेरीत चिकटवू नका. आज कुणी तालुका पाठवेल, उद्या कुणी टेबल उडवणारी ओळ पाठवेल. परवानगी असलेल्या नावांची यादी आपल्याकडं ठेवायची, त्यात नसेल तर नकार.

शेवटचा मुद्दा, आणि तो राहून जाऊ नये म्हणून मी वेळ राखून ठेवला होता. गट जितके बारीक, तितकी माणसं उघडी पडतात. आपण महिलांच्या मदतीच्या अर्जांची यादी करतो. ग्रुप बाय गाव, धर्म, वैवाहिक स्थिती. यादीत नाव नाही, फोन नाही, सगळं सुरक्षित वाटतं. पण मारेगाव किंवा घाटंजीकडच्या एखाद्या खेड्यात मुस्लिमांची चार घरं असतात. तिथं तलाकशुदा 1, मदत मागितली 1, अशी ओळ छापली की अख्ख्या गावाला ती कोण ते कळतं. त्या बाईनं आपल्याला विश्वासानं सांगितलेलं असतं.

त्यासाठी हॅविंग आहे. व्हेअर ओळी गाळतो, गट पडण्याआधी. हॅविंग गट गाळतो, पडल्यानंतर. हॅविंग काउंट(*) >= 5 लिहिलं की पाचपेक्षा लहान गट बाहेर जातात. ते दिसावेत पण आकडा दिसू नये असं वाटत असेल, तर मोजणीवरच केस लावा, पाचपेक्षा कमी असेल तर 'पाचहून कमी' हा मजकूर. मग दुसऱ्या फांदीतला आकडाही मजकुरात बदलावा लागेल.

आणि खाली एकूण बेरीज देणार असाल तर जपून. रोलअप लावलंत की तालुक्याची एकूण आपोआप येते. तिच्या ओळीत गावाच्या जागी नल दिसतो, तो खरोखर रिकाम्या गावाचा नल आहे की बेरजेचा, हे ग्रुपिंग(गाव) या फंक्शननं ओळखता येतं. बेरजेच्या ओळीत ते 1 देतं. पण तालुक्याची एकूण 31 दाखवली, बाकी गावांची बेरीज 30 दिसतेय आणि एकच गाव झाकलंय, तर वजाबाकी कुणालाही जमते. म्हणून एक गट झाकायचा असेल तर त्याच्यासोबत आणखी एक झाकावा लागतो, नाहीतर तालुक्याची एकूण तरी काढून टाकावी लागते. मी एकूण काढून टाकते.

आता लॅपटॉप उघडा. टेबल तुमच्यासाठी तयार आहे, त्यातली सगळी नावं बनावट आहेत आणि तालुका सतरा ठिकाणी चुकीचा लिहिलाय. तिथून सुरुवात करा.